तळ्याचा राखणदार

पूर्वी पश्चिम समुद्राच्या काठी सारसनगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तळ्याच्या राखणदाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव मित्रक. त्या नगराभोवती खारट दलदल होती. गोडे पाणी फक्त एका तळ्यात होते. तळ्याच्या घाटाला साठ पायऱ्या होत्या. मित्रक रोज पहाटे घाट उतरे, वाकून पाण्याला हात लावी आणि पाणी वरून कितव्या पायरीवर आहे ते मोठ्याने सांगे. ते ऐकून बायका घागरी उचलत. त्याने सांगितलेल्या आकड्याबद्दल कधी कुणाला शंका आली नाही.

एका पौष महिन्यात एके सकाळी समुद्रावर इतके धुके होते की पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते ते कळत नव्हते. त्या धुक्यात सात होड्या दिसल्या. त्या तरंगत नसून टांगून ठेवल्यासारख्या वाटत होत्या. त्यांत शंखद्वीपाची माणसे होती. द्वीपावर परचक्र आले होते, घरे आणि नारळीच्या बागा जळाल्या होत्या. ही माणसे एकवीस दिवस समुद्रात होती. राजाने त्यांना खाडीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर उतरू दिले आणि पुढचे ठरवण्यासाठी सभा बोलावली.

तीन दिवस सभा चालली. एक कुंभारीण म्हणाली, "समोर माणसं उपाशी बसलीत आणि आपण दार लावून जेवायचं?" एक जण म्हणाला, "त्यांची भाषा कळत नाही, देव ठाऊक नाहीत. आज सात होड्या आल्या, उद्या सत्तर येतील." कुणी रडले, कुणी ओरडले. मग नगरातला मोठा व्यापारी वसुगुप्त श्रेष्ठी उभा राहिला. सभा शांत झाली. बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्याची लेक तहानेने गेली होती, हे सर्वांना ठाऊक होते.

तो म्हणाला, "मी दुष्ट नाही. पण कोरड्या ओठांचं लेकरू मी मांडीवर घेऊन बसलो आहे. तळ्यातलं पाणी आपल्यालाच जेमतेम पुरतं. खोटं वाटत असेल तर मित्रकाला विचारा. तो सांगेल ते मला मान्य."

"उद्या मित्रक सांगेल," सारे म्हणाले.

दुपारी राजाने मित्रकाला उद्यानात बोलावले. भद्रसेन मनाने हळवा होता. होड्या आल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हते.

"मित्रका, खरं काय आहे?"

"त्यांना घेतलं तर पुरणार नाही, महाराज. बावीस दिवस कमी पडतील."

राजा हळूच म्हणाला, "पुरेल असं सांग. तुझ्या एका शब्दावर चारशे जीव वाचतील. ते पाप मी माझ्या माथी घेतो."

बोधिसत्त्वाने हात जोडले. "महाराज, मी आज तसं सांगेन आणि लोक त्यांना आत घेतील. ज्येष्ठात तळं कोरडं पडेल. तेव्हा लोक माझ्यावर धावून येणार नाहीत, त्या माणसांवर धावून जातील. त्यांना आत घेऊन मारण्यासाठी मी खोटं बोलू का?"

राजाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सभेत मित्रक म्हणाला, "पाणी पुरणार नाही. बावीस दिवस कमी पडेल."

वसुगुप्ताने डोळे मिटले. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. काही माणसे उठून जाऊ लागली.

"थांबा," मित्रक म्हणाला. "तुम्ही विचारलंत तेवढं मी सांगितलं. आता न विचारलेलं सांगतो. प्रत्येक घराने आजपासून आठ घागरींतली एक सोडली तर ते बावीस दिवस भरून निघतात. तहान लागेल. मुलं कुरकुरतील. परसातली भाजी वाळेल. पण सगळ्यांनी पाळलं तर कुणी मरणार नाही."

"आणि पाऊस उशिरा आला तर?" वसुगुप्ताने विचारले.

"ते मला ठाऊक नाही, श्रेष्ठी."

मित्रक पुढे म्हणाला, "पाणी किती आहे ते मी सांगू शकतो. त्यांना घ्यायचं की नाही ते तुम्ही सांगायचं. माझ्या घरची घागर मी सोडली."

वसुगुप्त उठला आणि बाहेर पडला. मित्रक त्याच्या मागोमाग गेला. दोघे खाडी ओलांडून वाळूच्या पट्ट्यावर पोचले. धुके अजून विरले नव्हते. माणसे होड्यांच्या आडोशाला पडून होती आणि लांबून ती लाटांनी आणून टाकलेल्या शिंपल्यांसारखी दिसत होती. कुरंगी नावाची एक म्हातारी उठली. पूर्वी ती व्यापाऱ्यांच्या जहाजांवर रांधायला असे, म्हणून तिला सारसनगरची भाषा थोडी येत होती. तिने चामड्याची पिशवी पिळून एका करवंटीत पाणी काढले आणि श्रेष्ठीपुढे धरले.

"घ्या, दादा. आमच्यात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात."

"तुम्हाला किती उरलंय?" वसुगुप्ताने विचारले.

"तुम्ही आधी प्या."

करवंटीत घोटभर पाणी होते. घ्यावे तर त्या लोकांच्या तोंडचे काढल्यासारखे होते आणि नाकारावे तर म्हातारीचा मान जात होता. तो ते पाणी प्यायला. मग तो तिथेच वाळूत बसला. बारा वर्षांत कुणी त्याला रडताना पाहिले नव्हते. त्या दिवशी मित्रकाने पाहिले.

सभेत परत येऊन श्रेष्ठी एवढेच म्हणाला, "माझ्या घरच्या दोन घागरी सोडा."

संध्याकाळपर्यंत होड्यांतली माणसे नगरात आली.

मित्रकाने सांगितले होते तसेच झाले. भाज्या वाळल्या, मोगरा फुललाच नाही, भांडणे झाली. एका पहाटे मित्रकाला घाटावर चोरट्या पावलांचे ओले ठसे दिसले. ते एका सारसनगरच्याच घराकडे गेले होते. त्याने ते कुणाला सांगितले नाही. त्या दिवशी त्याने आपली भरलेली घागर त्या दारात ठेवली. तिसऱ्या दिवशी ती घागर जशीच्या तशी त्याच्या दारात परत आली.

पाऊस नऊ दिवस उशिरा आला. त्या नऊ दिवसांत आठाच्या पाच घागरी झाल्या. एक आजारी म्हातारा गेला. तो तहानेने गेला की वयाने, हे कुणालाच सांगता आले नाही. सारे नगर पहाटे घाटावर जमू लागले. मित्रक खाली वाकून हात लावी आणि म्हणे, "अठ्ठावन्न." मग कुरंगी तोच आकडा शंखद्वीपाच्या भाषेत सांगे. माणसे अर्धवट झोपेत असल्यासारखी आपापली घागर भरून चढण चढत आणि पायरीवर भेटेल त्याला वाट देत. साठावी पायरी पाण्यातच राहिली.

ही कथा शास्त्याने विहारात सांगितली. त्या दिवशी दूरदेशीचे काही भिक्षू दाराशी आले होते आणि तिस्स नावाच्या भिक्षूने त्यांना 'जागा नाही' म्हणून बाहेरच थांबवले होते. कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसेन राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. कुरंगी म्हणजे दाराशी उभ्या असलेल्यांतला सर्वांत वृद्ध भिक्षू. वसुगुप्त श्रेष्ठी म्हणजे हा तिस्स. तळ्याचा राखणदार मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्ण साधना, पाळली. करुणेसाठीसुद्धा मी ती सोडली नाही."

तिस्स उठला. त्याने आपली चटई भिंतीकडे सरकवली आणि दाराशी जाऊन पाहुण्यांना आत बोलावले. जागा खरोखरच अपुरी होती. सारे गुडघे पोटाशी घेऊन बसले.