पेडलखालचा पापड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वैजयंती लोहारचं गॅरेज होतं आणि नुसत्या आवाजावरून ती गाडीचं दुखणं सांगायची. एका दुपारी तिच्या दारात रणधीरदादांची लालभडक स्पोर्ट्स कार गुरगुरत थांबली. मागोमाग त्यांची मित्रमंडळीही आली.

"रिमॅप करून द्या," दादा उतरता उतरता म्हणाले. "इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये काय बदलायचं ते बदला, पण ताकद वाढली पाहिजे. ही गाडी मला पुरत नाही."

"तुम्हाला त्याची गरज नाही, दादा."

"गरज नाही, की तुम्हाला जमत नाही? आज सिद्ध करून दाखवा, नाहीतर गॅरेजवरची पाटी उतरवा." मंडळी खिदळली.

वैजयंतीने जेवणाच्या डब्यातला भाजलेल्या पापडाचा तुकडा उचलला, तपासणीच्या निमित्ताने गाडीत वाकली आणि ॲक्सिलरेटरच्या बरोबर खाली तो चिकटवून टाकला. "कागलपर्यंत जाऊन या. जेवढी पळवता येईल तेवढी पळवा."

दादा वाऱ्यासारखे गेले आणि वाऱ्यासारखे आले. केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. "पेडल पार तळाला टेकवलं होतं. तरी कमीच पडली बघा."

वैजयंतीने पेडलखाली हात घातला आणि पापड जसाच्या तसा बाहेर काढला. सगळ्यांसमोर तो दोन बोटांत दाबला. कर्रकन मोडला.



"दादा," ती म्हणाली, "आधी ताटातलं संपवा. मग वाढते."