मित्सुचा सहावा बूट

ऐका हं! पाय नीट जवळ घ्या, नाहीतर तुमचाही बूट पडेल.

जपानात एक स्टेशन होतं. नाव मुगिनो. एवढंस्सं! तिथून चंदेरी गाड्या शहरात जायच्या. सूंऽऽ यायच्या. टिंग टिडिंग टिंग वाजायचं. सूंऽऽ निघून जायच्या. एक मिनिट लवकर नाही, एक मिनिट उशिरा नाही. त्याचा स्टेशनला कोण तोरा!

स्टेशनामागच्या गवतात मित्सु राहायची. मित्सु म्हणजे नाकतोड्याची लेक. तुमच्या करंगळीएवढी. आज तिच्या शाळेचा पहिला दिवस. शाळा होती पुढच्या स्टेशनावर. आईनं तिला बूट घातले, लाल लाल. किती? सहा! नाकतोड्याला पाय सहा, मग बूटही सहाच ना!

आई म्हणाली, "मित्सु, सहा बूट घालून चाललीस, सहा बूट घालून ये. आणि फलाटावरच्या पिवळ्या रेघेपलीकडे जायचं नाही हं!"

"नाही जाणार," मित्सु म्हणाली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, मित्सु स्टेशनात आली. तेवढ्यात एक जलद गाडी न थांबता गेली. सूंऽऽऽ! केवढा वारा सुटला! एक बूट निघाला. भिर्र उडाला. रुळांत पडला. टप्!

मित्सुला रडूच आलं. आता तिची गाडी येणार. बुटावरून जाणार. बुटाचा होणार भुगा! आणि पाच बूट घालून कुणी शाळेत जातं का?

मित्सु निघाली स्टेशनमास्तरांकडे. पाच पायांत बूट, एक पाय उघडा. टुक टुक टुक टुक टुक... फट्!

हिरानो मास्तर उभे होते. पांढरे हातमोजे, कडक टोपी. हातात लांबच लांब काठी. काठीच्या टोकाला चिमटा. रुळांत पडलेलं उचलायलाच ती काठी होती. मास्तर ती रोज पुसायचे. पुसून पुसून कशी चकचकीत केली होती!

"मास्तर, मास्तर, काठी उचला. माझा बूट मिळेना!"

मास्तर अदबीनं कमरेत वाकले. "माफ करा हं. सिग्नल लाल झाल्याशिवाय मी काठी उचलत नाही. नियम आहे."

आणि लागले काठी पुसायला.

टुक टुक टुक टुक टुक... फट्! मित्सु गेली सिग्नलकडे. सिग्नल खांबावर उभा होता. हिरवागार.

"सिग्नलदादा, सिग्नलदादा, लाल व्हा. मास्तर काठी उचलीनात, माझा बूट मिळेना!"

सिग्नलला वाकता येईना. त्यानं नुसता दिवा मिचकावला. "माफ करा हं. बोट दाखवून 'लाल' म्हटल्याशिवाय मी लाल होत नाही. नियम आहे."

टुक टुक टुक टुक टुक... फट्! मित्सु गेली फुकुदाबाईंकडे. फुकुदाबाई गाडी चालवायच्या. येणारी गाडी इथून पुढे त्याच नेणार होत्या. इथल्या गाडीवाल्यांची एक रीत होती. जे दिसेल त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं सांगायचं. म्हणजे चूक होत नाही.

"टोपी, ठीक!" फुकुदाबाई म्हणाल्या. "पिशवी, ठीक! शिट्टी, ठीक!" मग त्यांनी मित्सुकडे बोट दाखवलं. "बूट पाच! एक कमी!"

"तेच तर सांगतेय!" मित्सु म्हणाली. "फुकुदाबाई, फुकुदाबाई, बोट दाखवा. सिग्नल लाल होईना, मास्तर काठी उचलीनात, माझा बूट मिळेना!"

फुकुदाबाई कमरेत वाकल्या. "माफ करा हं. वेळापत्रकात लिहिल्याशिवाय मी बोट दाखवत नाही. नियम आहे."

आत्ता दाखवलं की! पण ते नुसतं मोजायला. उपयोगाला नाही.

टुक टुक टुक टुक टुक... फट्! मित्सु गेली वेळापत्रकाकडे. वेळापत्रक भिंतभर पसरलं होतं. नुसते आकडेच आकडे! श्वास घ्यायला जागा नाही.

"वेळापत्रककाका, वेळापत्रककाका, लिहा. फुकुदाबाई बोट दाखवीनात, सिग्नल लाल होईना, मास्तर काठी उचलीनात, माझा बूट मिळेना!"

वेळापत्रकानं आपला कोपरा वाकवला. "माफ करा हं. घड्याळानं मिनिट दिल्याशिवाय मी लिहीत नाही. नियम आहे."

टुक टुक टुक टुक टुक... फट्! मित्सु गेली घड्याळाकडे. घड्याळ होतं उंच, गोल आणि फार फार शहाणं. टिक टिक, टिक टिक.

"घड्याळआजोबा, घड्याळआजोबा, मिनिट द्या. वेळापत्रक लिहीना, फुकुदाबाई बोट दाखवीनात, सिग्नल लाल होईना, मास्तर काठी उचलीनात, माझा बूट मिळेना!"

आजोबांनी छोटा काटा वाकवला. "माफ करा हं. मी कुणाला मिनिटच देत नाही. नियम आहे."

आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

सगळे किती गोड बोलले! सगळे किती छान वाकले! आणि बूट? बूट आपला रुळांतच.

लांबून आवाज आला. सूंऽऽ... मागच्या स्टेशनावरून गाडी निघाली होती.

मित्सु आता रडली नाही. मित्सुला आला राग. असा राग, असा राग, की मिशा ताठ झाल्या! तिनं उडी मारली. टुणुक! थेट घड्याळाच्या मोठ्या काट्यावर. सहा पायांनी काटा धरला गच्च.

टिक... टि... ट...

घड्याळ थांबलं.

"अगं अगं, उतर!" घड्याळआजोबा ओरडले. "उशीर होईल! इथे कधी उशीर होत नाही!"

मित्सु काट्यावर बसल्या बसल्या कमरेत वाकली. "माफ करा हं. बूट मिळाल्याशिवाय मी उतरत नाही. नियम आहे."

"हा कुणाचा नियम?"

"माझा!" मित्सु म्हणाली.

आजोबांना फुटला घाम. "घे बाई, घे! एक मिनिट घे!"

मग काय! घड्याळानं मिनिट दिलं. वेळापत्रकानं लिहिलं. फुकुदाबाईंनी बोट दाखवलं, "सिग्नल, लाल!" सिग्नल लाल झाला. गाडी स्टेशनाबाहेर थांबली. खर्रर्र! मास्तरांनी काठी उचलली. चिमटा उघडला. कर्र. चिमटा मिटला. कच्! आणि वर आला बूट. लाल लाल, इवला इवला.

मित्सु काट्यावरून उतरली. बूट पायात घातला. टुक टुक टुक टुक टुक टुक! आता सहा!

गाडी फलाटावर आली. एक मिनिट उशिरा. बाप रे! सगळं स्टेशन हादरलं. मास्तर भोंग्यावर बोलले, "एक मिनिट उशीर झाला. माफ करा, माफ करा, माफ करा!" फुकुदाबाई वाकल्या. वेळापत्रक वाकलं. सिग्नलनं दिवा मिचकावला. मास्तरांचे डोळे पाण्यानं भरले. बूट पडला तेव्हा कुणाला वाईट वाटलं नव्हतं. एक मिनिट गेलं आणि सगळे हळहळले.

मास्तरांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. मित्सुलाही दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "उशीर झाला तो आमच्यामुळे. यांची काही चूक नाही."

खरा उशीर कुणामुळे झाला, ते मित्सु बोलली नाही. तुम्हीही सांगू नका हं!

टिंग टिडिंग टिंग! गाडी सुटली. सूंऽऽऽ! पुढचं स्टेशन आलं. मित्सु टुणकन उतरली आणि शाळेच्या दारात पोचली. दारात गोगलगायबाई उभ्या होत्या.

"एक मिनिट उशीर!" गोगलगायबाई म्हणाल्या.

मित्सुनं चिठ्ठी दाखवली. बाईंनी वाचली. सावकाश. खूप सावकाश. मग त्या कमरेत वाकल्या. "ये बाळ, ये. पण आधी बूट काढ. शाळेत बूट घालून येत नाहीत. नियम आहे."

मित्सुनं बाईंकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहिलं. मग पुन्हा बाईंकडे पाहिलं.

तिनं बूट काढले. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि सहा! दाराशी ओळीनं ठेवले. मग ती कमरेत वाकली.

"माफ करा हं, बाई. घरी जाताना मला सहाच्या सहा हवेत. एक जरी कमी झाला, तर तुमचं घड्याळ कुठे आहे ते मी बघून ठेवलंय!"

गाडी गेली पुढे, गोष्ट उतरली इथे.