एक जूनची माणसं

“आणि हे लाल कधी होतं?” गुरुजींनी विचारलं.

मी पडद्याकडं बघत होतो. वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा. दहा हजार माणसं, अकरा मिनिटं.

“होतच नाही, गुरुजी.”

“कधीच नाही?”

“आठ दिवस रोज चालवतोय. एकदाही नाही.”

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

“मग ते हिरवं आहे, हे तुला कशावरून कळतं?”

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. वय झालंय, असंही वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

आमचं ऑफिस विट्यात एका यंत्रमागाच्या शेडवर होतं. खाली माग सुरू झाले की टेबलावरचा चहा थरथरायचा. आता ती शेड पाडली. त्या बाजूनं गेलो की अजून कानात खटखट येते.

ऑफिस उर्मिला मॅडमचं. दवाखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर तिथं बनायची. ऐनापुरे गुरुजी मॅडमचे शाळेतले मास्तर. ते निवृत्त झाले तेव्हा मॅडमनी त्यांना घरी जाऊन बोलावून आणलं. “तेहतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, आता आमचं तपासा,” म्हणाल्या.

तसे गुरुजी टेस्टर झाले. एका बोटानं टाइप करायचे. चूक सापडली की आधी वहीत लाल पेनानं लिहायचे, मग ज्यानं प्रोग्राम लिहिला त्याला हाक मारायचे. “ये, शेरा वाच.” इंजिनिअर झालेली पोरंसुद्धा मान खाली घालून वाचायची.

मी इंजिनिअर नव्हतो. आठवीत शाळा सुटली. आई गेली त्या वर्षी. पुढं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, आणि तिथंच फोनवर बघून बघून टेस्टिंग शिकलो. मॅडमनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. सहा महिने भरताना गुरुजींनी माझ्या कागदावर सही केली तर मी कायम. नाही केली तर परत दुकान.

शनिवारी सहा महिने भरत होते. हा मंगळवार.

गुरुजींना मी अनोळखी नव्हतो. कारंजवाडीच्या शाळेत पहिलीला त्यांनीच माझं नाव घातलं होतं. वर्षभरात त्यांची बदली झाली. ऑफिसात पहिल्या दिवशी माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

“तायाप्पा ना तू? मेंढरंवाल्यांचा?”

“व्हय गुरुजी.”

मान हलवून त्यांनी परत वहीत डोकं घातलं.

तर ते हिरव्या खुणांचं टूल. फुकट मिळणारं होतं, पण शिकवलं मी होतं. आमच्या केसपेपरच्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस बटणं दाबतो तशी ते दाबायचं. खोटी नावं, खोटी गावं, खोट्या जन्मतारखा स्वतःच तयार करायचं. एकेकाचा केसपेपर काढायचं. शेवटी मोजायचं. जेवढी माणसं तेवढे केसपेपर निघाले की सगळं हिरवं. गुरुजी दिवसभरात साठ केसपेपर काढायचे. त्यांच्या बोटाकडं बघून मला आतून हसू यायचं.

सोमवारी ते सॉफ्टवेअर तालुक्याच्या दवाखान्यात बसणार होतं. त्यातली एक गोष्ट मॅडमना फार आवडायची. जुना पेशंट परत आला, की नाव, गाव, जन्मतारीख घालायची. त्याचा जुना केसपेपर आपोआप उघडायचा. कुठं थांबणं नाही, काही विचारणं नाही.

मी खिशातून माझा कागद काढला आणि गुरुजींपुढं सरकवला.

“सही करता का?”

“शनिवार लांब आहे.”

“काम तर झालं की, गुरुजी.”

त्यांनी कागद उचलला नाही. पडद्यावर बोट ठेवलं.

“ही तुझी दहा हजार माणसं. कुठली?”

“कुठलीच नाहीत. खोटी आहेत.”

“खोटी असली तरी जन्मली असतील की.”

“जन्मतारखा आहेत ना सगळ्यांना.”

“यातली एक जूनची किती?”

मला प्रश्नच कळला नाही. तरी शोधलं.

“सत्तावीस.”

गुरुजी हसले. पोट हलेपर्यंत हसले.

“फार सुखी गाव आहे रे तुझं,” ते म्हणाले. “प्रत्येकाला आपापला वाढदिवस आहे.”

…

बुधवारी ते कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत तीन वह्या. पानं पिवळी पडलेली, कडा उंदरानं कुरतडलेल्या.

“कारंजवाडीची दोनशे चाळीस पोरं आहेत यात,” म्हणाले. “तुझ्या टूलला ही घाल.”

“हातानं?”

“मग काय पायानं?”

मी पहिली वही उघडली. डाव्या बाजूला पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि तारीख. एक जून. खाली एक जून. त्याच्या खाली एक जून. साल तेवढं बदलायचं. पान उलटलं. एक जून.

“सगळी एकाच दिवशी कशी?”

“जूनात दाखल करायला आणायचे. तारीख कुणाला ठाऊक? साल अंदाजानं धरायचं आणि एक जून लिहायचं. पोरगं शाळेत बसायचं. सगळे मास्तर तेच करायचे. तुझी काय आहे?”

“एक जून.”

“मग?”

मी दहा हजार माणसं तयार केली होती. त्यात माझ्यासारखा एकही धरला नव्हता. सत्तावीस होते, तेही चुकून.

उजव्या बाजूला एक रकाना होता. त्यात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं.

‘हिरीला पानी लागलं त्या दिशी.’

‘धाकली नणंद नांदाया गेली, त्येच्या दुसऱ्या दिशी.’

‘गारा पडल्या, घराचं पत्रं उडालं तवा.’

‘गावात लाइट आली त्या राती. पयला दिवा ह्येच्या तोंडावर पडला.’

“हे काय, गुरुजी?”

“मी विचारायचो, कधी झाला. आया सांगायच्या.”

“पण तारीख तर एक जूनच लिहिली.”

“व्हय.”

“मग हे कशाला लिहून ठेवलं?”

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली शेडच्या दारात कुणीतरी मागाच्या सुताच्या कांड्या उतरवत होतं.

“रजिस्टरात मावत नव्हतं,” म्हणाले.

दोन दिवस मी त्या वह्या टूलला घालत बसलो. एका एका नावाला तोंड आठवायचं. हा विहिरीत सूर मारायचा. ही माझ्या पाटीवर थुंकून पुसायची. हा आता सैन्यात आहे. उजवा रकाना टूलला नको होता, पण मी तोही वाचत गेलो. वाचल्याशिवाय पुढं जाववत नव्हतं. गुरुजी एकदा येऊन म्हणाले, “हळू चाललंय की आज,” आणि निघून गेले.

गुरुवारी संध्याकाळी तिसऱ्या वहीत माझं नाव आलं. तायाप्पा बिरा हाके. एक जून.

उजवा रकाना कोरा होता.

मी तिन्ही वह्या परत चाळल्या. दोनशे चाळीस पोरांत कोरा रकाना एकच.

विचारायला उठलो. गुरुजी डबा पिशवीत भरत होते. तसाच खाली बसलो.

…

शुक्रवारी सकाळी टूल चालवलं.

अकरा मिनिटं लागली नाहीत. अर्ध्या मिनिटात पडदा थांबला. शेवटची ओळ लाल.

माणसं दोनशे चाळीस. केसपेपर दोनशे सदतीस.

मी परत चालवलं. परत लाल.

“गुरुजी… लाल झालं.”

ते खुर्ची ओढत शेजारी आले.

“तीन माणसं गेली कुठं?”

शोधायला तासभर लागला. बिरू सिदू खरात नावाची दोन पोरं होती. एक वरच्या आळीतला, एक खालच्या. आज्यांची नावं ठेवलेली, म्हणून सारखीच. गाव एक, साल एक, आणि तारीख तर एक जून. सॉफ्टवेअरला वाटलं, पहिलाच बिरू परत आला. त्यानं दुसऱ्यापुढं पहिल्याचा कागद उघडून ठेवला. उरलेल्या दोघांचंही तसंच झालं होतं.

गुरुजींनी वहीतल्या दोन ओळींवर दोन बोटं ठेवली.

“हा गारांतला बिरू. हा लाइटीचा. लाइटीच्या बिरूला पेनिसिलिन सोसत नाही. शाळेत ताप चढला म्हणून डॉक्टरनं ती सुई टोचली तेव्हा काळानिळा पडला होता, मी खांद्यावर टाकून पळालोय. सोमवारी तो दवाखान्यात गेला असता तर कुणाचा कागद निघाला असता?”

मी वहीतल्या त्या दोन ओळी परत वाचल्या.

“आणि तुझं टूल काय म्हणालं असतं?”

“हिरवं,” मी म्हणालो.

मॅडमना बोलावलं. त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकलं, मग खुर्ची ओढून बसल्या.

“आठ दिवस हिरवं म्हणून मला दाखवत होतास, तायाप्पा.”

“व्हय मॅडम.”

“आता सोमवारी बसवता येणार नाही. दवाखान्याला मी काय सांगू?”

“शेरा आला म्हणून सांग,” गुरुजी म्हणाले.

मॅडमना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “दुरुस्त कसं करायचं, गुरुजी? आणखी काय काय भरून घ्यायचं लोकांकडून?”

“भरून काही घेऊ नका. त्याला थांबायला शिकवा. दोन माणसं सारखी दिसली की आपणहून कागद उघडायचा नाही. विचारायचं, बाबा, तू कुठला? तुझी आई कोण?”

मला राहवलं नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी मॅडमसमोर मधे बोललो.

“पण गुरुजी, प्रत्येक वेळी थांबून विचारलं तर दवाखान्याच्या खिडकीवर रांग वाढेल.”

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. लाल पेन हातात होतं, ते तसंच राहिलं.

“वाढू दे,” म्हणाले.

…

शनिवारी दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. दुसऱ्या बिरूचं नाव घातलं की पडद्यावर यायचं, ‘या नावाची आणखी एक व्यक्ती आहे. आईचं नाव विचारा.’ मी वह्यांतली नावं परत चालवली. दोनशे चाळीस माणसं, दोनशे चाळीस केसपेपर. हिरवं झालं, पण मला आनंद झाला नाही. या वेळी मी एकेक कागद उघडून बघितला.

मग टेबलाचा खण आवरायला घेतला. चार्जर, डबा, एक पेन. दुकानवाल्याला काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

“काय चाललंय?” गुरुजींनी विचारलं.

“सहा महिने भरले आज.”

“कागद कुठाय?”

“राहू दे गुरुजी. माझी तर चूकच निघाली.”

“निघाली ना?”

त्यांनी हात पुढं केला. मंगळवारपासून खिशात राहून कागद मऊ पडला होता. गुरुजींनी तो टेबलावर ठेवला, हातानं सारखा केला, आणि वही तपासतात तसा वरपासून वाचायला लागले. नाव. गाव. शिक्षण, आठवी. ओठ हलत होते. पेन प्रत्येक ओळीखालून सरकत होतं.

जन्मतारखेपाशी पेन थांबलं.

खाली जेवणाची सुट्टी झाली असावी. माग एकेक करत बंद पडले. ती खटखट थांबली की ऑफिस एकदम मोठं वाटायचं.

“गुरुजी,” मी म्हणालो, “वहीत माझ्यापुढचा रकाना कोरा आहे.”

ते वर बघेनात.

“एकच आहे तसा. मी सगळ्या बघितल्या.”

“ठाऊक आहे.”

“आई नव्हती का आली त्या दिवशी?”

“आली होती. हिरवं लुगडं होतं. तुला पुढं करून उभी होती. मेंढरं घेऊन पुढच्या गावाला जायचं होतं तिला.”

“मग तिला ठाऊक नव्हतं का?”

…

गुरुजींनी सही केली. पुरं नाव लिहिलं, सावकाश. पेनाला टोपण घातलं. कागद माझ्याकडं सरकवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

“सांगत होती, बाळ,” ते म्हणाले. “त्या दिवशी रांग मोठी होती.”