तोफेचा बाप्तिस्मा

धुक्यात खाडी आणि आभाळ एक झालं होतं. पलीकडचा कोळीवाडा त्यात तरंगत असल्यासारखा दिसत होता. बुरुजावर उभे राहून फादर बर्नाबे तिकडेच पाहत होते. मासेमारीच्या हद्दीवरून भांडण झालं, म्हणून किल्लेदार मिनेझिस आज त्या वाड्यावर तोफ डागणार होता. पण चर्चचा आशीर्वाद नसलेल्या तोफेला बत्ती द्यायला त्याचे शिपाई धजत नव्हते.

"फादर, हिला बाप्तिस्मा द्या," किल्लेदार गुरगुरला. "की किल्ल्याचं रक्षण तुमच्या धर्मात बसत नाही?"

"बसतं की. या तटाला मी दरवर्षी आशीर्वाद देतो. हिलाही बाप्तिस्मा देईन," फादर शांतपणे म्हणाले. "मग ती चर्चची लेक झाली. देवाच्या दहा आज्ञा तिलाही लागू झाल्या. तुम्ही तिचे धर्मपिता व्हा आणि वेदीसमोर शपथ घ्या, की ही पोर कधी कुणाचा जीव घेणार नाही."

शिपायांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. किल्लेदाराने एकदा तोफेकडे, एकदा शिपायांकडे पाहिलं. मग त्याने बत्ती विझवायला लावली आणि बोलणी करायला होडी पाठवली.

होडी धुक्यात विरून गेली. थोड्या वेळाने पलीकडून कुणीतरी तिला ओ दिली, तेव्हा कुठे फादरांनी श्वास सोडला.