वेगळी खिडकी

“...म्हणजे मी वेगळा होणार तरी कधी, बुवा?”

हृषीकेश मठाच्या दारात उभा होता. पिशवी भरलेली. नदीपलीकडच्या गावात त्याला खोली मिळाली होती. तिथे बसून तो स्वतःचे भाष्य स्वतःच्या नावाने लिहिणार होता.

नरहरबुवांनी संगणकावरून मान वर केली नाही. आजवर गुरुशिष्य दोघे मिळून एकाच फाइलीत एकच भाष्य लिहीत आले होते. पडद्यावर खिडकी एक, मधोमध आडवी रेघ. वरच्या अर्ध्यात बुवांचे प्रकरण, खालच्या अर्ध्यात हृषीकेशचे.

“खुपतंय काय?” बुवांनी विचारले.

“ही रेघ. वर तुम्ही, खाली मी. येणारा माणूस वरचंच वाचतो आणि निघून जातो.”

“एवढंच ना...”

बुवांनी खालचा अर्धा भाग माउसने धरला आणि ओढून बाहेर काढला. तो सुटला. पडद्यावर दोन खिडक्या झाल्या.

हृषीकेश भलताच खूश झाला. पिशवी दारातच ठेवून तो संगणकाशी बसला. आपली खिडकी त्याने पार उजव्या कोपऱ्यात नेली. वेगळी चूल मांडायला चार विटाही लागल्या नाहीत.

मग त्याला म्हैस आठवली.

बुवांना माया समजावून सांगायची झाली की म्हशीचा दृष्टांत लागे. अशाने विद्वानांत हसे होते, असे हृषीकेशचे मत. निदान आपल्या खिडकीत तरी ती कशाला? आपल्या खिडकीतूनच तो वर सरकत बुवांच्या प्रकरणात गेला आणि अख्खी म्हैस खोडून टाकली.

...

“हृषीकेश,” बुवा आपल्या खिडकीत डोकावत म्हणाले, “माझी म्हैस कुठे गेली रे?”

“मी तुमच्या खिडकीला हातही लावला नाही.”

“नाही लावलास.”

“मग?”

“तू खिडकी वेगळी मागितलीस. फाइल एकच आहे.”

हृषीकेशचा चेहरा उतरला. मठात आला तेव्हा त्याला सगळ्यांत आधी कळली होती ती ही म्हैसच. त्याने घाईघाईने खोडलेले परत आणले. दोन्ही खिडक्यांत म्हैस एकदमच उभी राहिली.

बुवा पोट धरून हसले. मग त्यालाही हसू आवरेना.

पिशवी अजून दारातच होती.

“मग... जाऊ, की राहू?”

“जा की,” बुवा म्हणाले. “फक्त तिकडे बसून खोडताना जपून खोड.”