हिरव्या वायरचं काम

वस्तू आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. अनसूयाबाईंच्या लाँड्रीतल्या इस्त्रीत तीन वायरी राहत होत्या. लाल आणि काळी दिवसभर वीज वाहून नेत. त्या हिरवीला म्हणत, "तू नुसती बसून असतेस." वाईट वाटून हिरवी एकदा आपल्या स्क्रूवरून सुटून बाजूला झाली.

त्याच दुपारी लाल किंचाळली, "माझं कव्हर जळलं गं! मी पत्र्याला चिकटलेय!" इस्त्रीच्या अंगभर वीज उतरली होती, आणि अनसूयाबाई ओल्या हातांनी तिच्याकडेच येत होत्या.

"हिरवे, धाव गं!"

हिरवीने सगळं बळ लावून पत्रा गाठला. वीज तिच्यातून थेट जमिनीत गेली आणि फ्यूज उडाला.

"मेली वीज! आत्ताच जायची होती," अनसूयाबाई करवादल्या आणि पदराने वारा घेत बसल्या. इस्त्रीच्या पोटात लाल वायर अजून थरथरत होती.