टिटवीचा मोडका पंख

फार पूर्वीची गोष्ट आहे. चैत्र वद्य पंचमीचा दिवस होता. सकाळपासून आभाळ भरून आले होते, वारा पडला होता, आणि पाऊस मात्र येत नव्हता.

एका राज्याच्या टोकाला एक लेखक राहत होता. अर्धे आयुष्य त्याने दार लावून लिहिले. ते लिखाण इतके कोरडे, की लोक म्हणत, "वाचायला बसताना शेजारी तांब्या ठेवावा लागतो."

मग एकदा हरवलेली शेळी शोधताना त्याला पळसाच्या रानात एक तळे सापडले. तिकडे कोणी फिरकत नसे. लेखक रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागला. पाणकोंबडी पिल्लांना कशी हाकते, वाऱ्याआधी लव्हाळे कसे हलते, हे पाहायचे आणि घरी येऊन लिहायचे. हळूहळू त्याच्या शब्दांना ओल आली. जत्रेत त्याची चार पाने कोणी मोठ्याने वाचली, तेव्हा दुकानदार हातातला तराजू तसाच धरून ऐकत राहिले.

त्या पंचमीला राजाचा शिपाई दारात आला.

"उद्या दरबारात सगळी पोथी वाचायची," तो म्हणाला. "शाल मिळेल. परवा महाराज स्वतः तळ्यावर जाणार. हत्ती, तंबू, शिकारी कुत्रे, सगळा लवाजमा. महिनाभर मुक्काम."

शिपाई गेल्यावर बायको चुलीपाशीच हसली. "आली एकदाची शाल. मला वाटलं होतं, ती माझ्या तेराव्याला येते की काय."

लेखक दारातून रानाकडे बघत उभा राहिला.

"अहो, मग तोंड असं का?"

"हत्ती येणार आहेत."

"येऊ देत. आपलं काय जातंय?"

"आपलं काही नाही," तो म्हणाला आणि उठून रानाकडे निघाला.

तो नेटका माणूस होता. त्याने पोथीत वाटही लिहून ठेवली होती: दुभंगलेल्या खडकापासून डावीकडे, वाकलेल्या मोहाच्या झाडाखालून, की समोर पाणी. ती पाने अजून कोणी वाचली नव्हती. उद्या सगळा दरबार ऐकणार होता.

तळ्याकाठी उघड्या जमिनीवर टिटवीची चार अंडी होती. खड्यांत खड्यांसारखी दिसणारी. हत्तीचा एक पाय पुरे, असे त्याच्या मनात आले.

इतक्यात झुडपातून कोल्हा बाहेर आला. टिटवी अंड्यांपासून गुपचूप दूर धावली आणि लांबच्या टेकाडावर जाऊन तिने आकांत मांडला. तिचा एक पंख लोंबत होता. ती फरपटत पुढे, कोल्हा मागे. टेकाडापलीकडे गेल्यावर तिने दोन्ही पंख पसरले आणि ती उडाली. कोल्हा जिभल्या चाटत भलत्याच रानात गेला.

टिटवी परत येऊन लेखकासमोर बसली.

"तू माझ्या घराची वाट लिहिलीस," ती म्हणाली. "मी तर घराजवळ तोंडसुद्धा उघडत नाही."

"मी जे खरे, तेच लिहिले."

"तळे खरे, पाणी खरे, मीही खरी. ते लिहायचे होतेस. वाट कशाला?"

लेखकाने मान खाली घातली. "आता काय करू?"

"माझा पंख मोडला होता का?"

"नाही. पण कोल्ह्याने धरले असते तर?"

"ती भीती रोज वाटते," टिटवी म्हणाली आणि अंड्यांवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी लेखकाने दरबारात पोथी वाचली. सगळे डोलत होते. वाटेचे पान आले. पोथीत लिहिले होते डावीकडे. त्याने वाचले उजवीकडे. त्या शब्दावर तो अडखळला. राजाला वाटले, बिचारा संकोचला.

"मुक्कामाची जागा आजच पाहून या," राजाने एका स्वाराला सांगितले. "लेखकाला बरोबर न्या."

दुभंगलेल्या खडकापासून ते उजवीकडे वळले. पुढे नुसता मुरूम आणि बोरीची झुडपे होती.

"तळे कुठे आहे?" स्वाराने विचारले.

"तळे नाही," लेखक म्हणाला. "मी ते घरी बसून रचले."

स्वार त्याच्याकडे बघतच राहिला. पण घोडा तहानलेला होता. त्याने कान टवकारले, नाकपुड्या फुलवल्या आणि मान डावीकडे वळवली. एक पाऊल टाकले. दुसरे टाकले.

"याला कसला वास आला?" स्वार म्हणाला.

 दुसऱ्याच क्षणी लेखक ओरडला आणि पाय धरून मुरमात लोळला. स्वाराला खाली उतरावे लागले. कण्हणाऱ्या लेखकाला त्याने घोड्यावर घातले, लगाम ओढला आणि तो माघारी फिरला.

"चार पावलं चालवत नाहीत आणि रानावर पोथ्या लिहितात," तो वाटभर पुटपुटत होता.

राजाने मुक्कामाचा बेत सोडला आणि शाल दरबारातल्या दुसऱ्याच कवीला मिळाली. पोथीवर 'थापा' असा शिक्का बसला, आणि शिपायाने ती लेखकाच्या अंगणात फेकून दिली. लेखकाने वाटेचे पान फाडून चुलीत घातले. कोणी मागावर असेल या धास्तीने पुढे कित्येक दिवस तो तळ्याकडे गेला नाही. रोज ओसरीवर बसून रानाकडे कान लावी.

बायको पायाला तेल चोळायची. एकदा त्याने डावा पाय पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "काल उजवा पाय दुखत होता ना?"

लेखकाने नजर रानाकडे वळवली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग रानाकडे पाहिले, आणि तेलाची वाटी डाव्या पायाकडे सरकवली.

ज्याने आपल्याला शब्द दिले, त्याच्या घराची वाट जगाला दाखवू नये.

वैशाखात चारही अंडी फुटली आणि पिल्ले आईमागून पाण्यापर्यंत चालत गेली.